जर्मनी: पतीला पीआर मिळाल्यानंतर पत्नीने आधी पीआरचा अर्ज करावा की थेट नागरिकत्वाचा?

मृण्मयी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझे पती ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, जर्मनीत आले आणि गेल्या वर्षी त्यांना कायमस्वरूपी निवासाचा परवाना, म्हणजे ज्याला आपण सारेच पीआर म्हणतो तो, मिळाला. मी त्यांच्यामागून कुटुंब-पुनर्मीलनाच्या व्हिसावर आले. मला येथे येऊन तीन वर्षे उलटून गेली आहेत, परंतु माझ्या कार्डावर अजूनही मुदत छापलेली आहे आणि दर खेपेला नूतनीकरणासाठी पतीचे कागद जोडावे लागतात. आम्हाला दोन वर्षांची मुलगी असून तिचा जन्म येथलाच आहे, मात्र ती भारतीय नागरिक आहे. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात आठवड्याला 18 तासांच्या करारावर नोकरी करते, आणि जर्मन भाषेची बी1, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा लवकरच देणार आहे.

आमच्या शहरातील आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, चौकशी केली असता खिडकीवरील अधिकाऱ्यांनी सांगितले की पतीचा पीआर ब्लू कार्डाच्या सवलतीतून मिळालेला असल्यामुळे त्याचा मला काहीही लाभ नाही, आणि पाच वर्षे व पेन्शन विम्याचे 60 हप्ते पूर्ण झाल्याशिवाय मी अर्जच करू नये. हे खरे आहे का? दुसरे असे की पतीची येथील पाच वर्षे येत्या काही महिन्यांत पूर्ण होत आहेत आणि ते नागरिकत्वाचा अर्ज करणार आहेत. त्याच अर्जात माझे आणि मुलीचे नाव घालता येते असे ऐकले आहे, तर तसे करणे हिताचे ठरेल का? तिसरा प्रश्न थोडा घरगुती आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी मला भारतात काही महिने राहावे लागण्याची शक्यता आहे आणि त्याचा या सगळ्यावर काय परिणाम होईल, याची काळजी वाटते. शिवाय माझ्या विवाह प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आहे, पासपोर्टवर सासरचे, आणि जन्मदाखल्यावर तर नावाचा रकानाच कोरा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

वाटसरू यांचा प्रतिसाद

मृण्मयीताई, खिडकीवर मिळालेले उत्तर अर्धे बरोबर आणि अर्धे जुने आहे. ब्लू कार्डधारकाला 27 महिन्यांत, आणि बी1 पातळीचे जर्मन येत असेल तर 21 महिन्यांत पीआर मिळतो, ही सवलत केवळ त्या कार्डधारकाची स्वतःची आहे. ती जोडीदाराकडे आपोआप येत नाही, हे खरे. परंतु 2023 साली कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा सुधारला गेला तेव्हा निवास कायद्याच्या कलम 9 मध्ये 3अ हे उपकलम नव्याने घालण्यात आले आणि ते नेमके आपल्यासारख्यांसाठीच आहे. ज्याच्याकडे कुशल कामगार किंवा ब्लू कार्डधारक म्हणून कलम 18क खाली मिळालेला पीआर आहे, त्याच्या जोडीदाराला तीन वर्षांच्या निवास परवान्यानंतर पीआर मिळू शकतो, आणि त्यासाठी 60 महिन्यांच्या पेन्शन हप्त्यांची अट लागू होत नाही. कलमातील शब्द ‘द्यावा’ असा आहे, ‘देता येईल’ असा नाही; म्हणजे अटी पूर्ण झाल्या की तो आपला हक्क ठरतो, अधिकाऱ्यांची मर्जी नव्हे.

आता अटींकडे पाहू, कारण आपले घोडे नेमके तेथेच अडते. जोडीदाराने आठवड्याला किमान 20 तासांचे अर्थार्जन केलेले असले पाहिजे. आपला करार 18 तासांचा आहे. दोन तासांसाठी अर्ज नाकारला जाणे हे कितीही हास्यास्पद वाटले तरी कार्यालय तो नाकारू शकते, म्हणून अर्जाच्या आधी मालकाशी बोलून करारात लेखी बदल करून घ्यावा आणि नव्या तासांच्या निदान तीन पगारपावत्या हाती आल्यावरच अर्ज टाकावा. मालकाला तास वाढवणे शक्य नसेल तर दुसरे छोटे काम जोडूनही 20 तास भरता येतात, कारण तास एकाच नोकरीतले असावेत असे कलमात कोठेही म्हटलेले नाही. तरीही अधिकाऱ्याला एकच करार दाखवणे सोपे जाते, हा माझा अनुभव.

बाकीच्या अटी नेहमीच्याच आहेत. बी1 प्रमाणपत्र हवे, कुटुंबाचा निर्वाह सरकारी मदतीविना चालला पाहिजे, आणि घर पुरेसे मोठे हवे. प्रशासकीय निर्देशांनुसार सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे 12 चौरस मीटर आणि त्याखालील मुलामागे 10 चौरस मीटर जागा पुरेशी मानली जाते. निर्वाहाच्या बाबतीत पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र पाहतात, त्यामुळे आपला पगार कमी असल्याची चिंता नको. मुलीसाठी मिळणारे किंडरगेल्ड (बालभत्ता) किंवा पूर्वी घेतलेले एल्टर्नगेल्ड (पालकभत्ता) यांनीही काही बिघडत नाही. शिवाय जर्मनीतील कायदा व समाजजीवनाच्या माहितीची ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही चाचणी आहे. तिच्यात 33 प्रश्न येतात, पीआरसाठी 15 बरोबर आले तरी चालते, पण नागरिकत्वासाठी 17 लागतात. तेव्हा एकदाच बसून 17 च्या पुढे जावे. 310 प्रश्नांचा संपूर्ण संच आधीच जाहीर केलेला असतो, त्यात 300 सर्वांना समान आणि 10 आपल्या राज्याचे.

तीन वर्षांची मोजणी आपल्या स्वतःच्या परवान्यापासून होते, पतीच्या नव्हे. ज्या राष्ट्रीय व्हिसावर आपण उतरलात त्या व्हिसाचा येथील काळही कायद्याने त्यात धरला जातो, ही गोष्ट खिडकीवर सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

अनुस्वार यांचा प्रतिसाद

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु मला मूळ प्रश्न वेगळाच वाटतो. पीआर कशासाठी? नागरिकत्वासाठी पीआर हातात असणे बंधनकारक नाही. कुटुंब-पुनर्मीलनाच्या मुदतीच्या परवान्यावर असतानाही नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. शिक्षणासाठी दिलेल्या काही परवान्यांना ती मुभा नाही, पण आपला परवाना त्यांत मोडत नाही. 27 जून 2024 पासून आठ वर्षांची अट पाच वर्षांवर आली आहे. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी खास सवलत मात्र 30 ऑक्टोबर 2025 पासून रद्द झाली आहे, तेव्हा तिच्याविषयीचे जुने व्हिडिओ पाहून कोणीही नियोजन करू नये. आपली पाच वर्षे पूर्ण व्हायला दोन वर्षेही उरलेली नाहीत. एवढ्यासाठी पीआरचे 113 युरो, कागदपत्रांची जमवाजमव आणि भेटीची वेळ मिळवण्याचा मनस्ताप कशाला सोसावा? त्यापेक्षा ती शक्ती एकदाच नागरिकत्वाच्या अर्जावर खर्च करावी.

पतीच्या अर्जात नाव घालण्याबाबत सांगायचे तर नागरिकत्व कायद्याच्या कलम 10 मध्ये तशी सोय आहे. जोडीदाराची आणि अल्पवयीन मुलांची पाच वर्षे भरलेली नसली तरी त्यांना सोबत नागरिकत्व देता येते. मुलीला तर नक्कीच सोबत घ्यावे. स्वतंत्र अर्जाला प्रौढामागे 255 युरो पडतात, तर आईवडिलांसोबतच्या मुलाला 51 युरो.

काठावरचा यांचा प्रतिसाद

अनुस्वार यांचे कायद्याचे तपशील बरोबर आहेत, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि मतभेदाची कारणे सविस्तर मांडणे आवश्यक वाटते, कारण अशा सल्ल्यांमुळे अनेक जणी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या परवान्याच्या शेपटीला बांधलेल्या राहतात.

पहिली गोष्ट म्हणजे, सोबत नागरिकत्व देण्याची तरतूद जोडीदारासाठी ऐच्छिक आहे. तेथे ‘देता येईल’ असाच शब्द आहे. वर्षांच्या अटीत सूट मिळाली तरी भाषा, चाचणी आणि निर्वाह या अटी मृण्मयी यांना स्वतःलाच पूर्ण कराव्या लागतील. त्यातच त्यांचा भाग अपुरा राहिला तर पतीच्या प्रकरणाची फाइलही रेंगाळू शकते. मुलीचे नाव सोबत घालण्यास माझीही हरकत नाही. पत्नीचे नाव घालायचे की नाही, हे त्या कार्यालयाला लेखी विचारून ठरवावे, कारण जोडीदाराने किमान किती काळ राहिलेले असावे याबाबत निर्देश असले तरी ते कितपत सैलपणे लावायचे, हे शहरागणिक बदलते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. वाटसरू यांनी सांगितलेले उपकलम 3अ पतीच्या हातात कलम 18क चा पीआर आहे या गृहीतकावर उभे आहे. ज्या दिवशी पतीला नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळेल, त्या दिवशी त्यांचा पीआर उरणार नाही. ते जर्मन नागरिक होतील आणि मृण्मयी यांचे प्रकरण ‘जर्मन नागरिकाची पत्नी’ या वेगळ्या कलमाखाली जाईल. ते कलम वाईट नाही, उलट काही बाबतींत सौम्यच आहे, पण तोवर सगळी तयारी एका नियमानुसार करायची आणि अर्जाच्या वेळी दुसराच नियम समोर यायचा, ही कटकट टाळता येण्यासारखी आहे. म्हणून क्रम असा असावा की बी1 चा निकाल आणि 20 तासांचा करार हाती येताच पत्नीने आपला पीआरचा अर्ज करावा, आणि पतीने नागरिकत्वाचा अर्ज समांतर चालू ठेवावा. मोठ्या शहरांत नागरिकत्वाच्या निर्णयाला वर्षाहूनही अधिक काळ लागतो, त्यामुळे पत्नीचा पीआर आधी होण्यास पुरेसा वाव आहे.

‘जर्मन नागरिकाशी विवाह झाला की तीन वर्षांत नागरिकत्व’ हा नियम आजही आहे, हे येथेच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. परंतु त्यात केवळ तीन वर्षांचा निवास पुरत नाही. विवाहाला दोन वर्षे झालेली असावीत आणि त्या दोन वर्षांत जोडीदार जर्मन नागरिक असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. मृण्मयी यांचे पती आज अर्ज करणार, उद्या कधीतरी नागरिक होणार आणि त्यापुढे दोन वर्षे मोजायची. तोवर यांची स्वतःची पाच वर्षे भरून वर काही महिने झालेले असतील. या वाटेचा त्यांना शून्य उपयोग आहे.

तिसरे कारण लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण ते लिहिलेच पाहिजे. मुदतीचा परवाना हा एकत्र संसाराच्या आधारावर दिलेला असतो. संसार मोडला किंवा जोडीदाराचे निधन झाले तर काय, याचे उत्तर निवास कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे: जर्मनीत तीन वर्षे एकत्र राहिलेले असल्यास, किंवा येथे एकत्र राहत असताना जोडीदाराचे निधन झाल्यास तीन वर्षांच्या अटीविनाही, स्वतंत्र परवाना मिळतो, सुरुवातीला एका वर्षासाठी, आणि घरगुती हिंसेसारख्या कठीण परिस्थितीत तीन वर्षांची अटही बाजूला ठेवता येते. मारहाण सोसत केवळ परवान्यासाठी घरात राहण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही, हे या धाग्यावर वाचणाऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल. मृण्मयी यांच्या बाबतीत असे काही आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. परंतु त्या एका वर्षाच्या स्वतंत्र परवान्यावर पुन्हा निर्वाह सिद्ध करण्याची धावपळ आणि स्वतःच्या नावाचा पीआर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पतीची नोकरी गेली, त्यांना दुसऱ्या देशात जावे लागले, तरी स्वतःचा पीआर स्वतःपाशी राहतो. 113 युरो त्यासाठी अजिबात महाग नाहीत.

मृण्मयी

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. मालकांशी बोलणे झाले असून पुढील तिमाहीपासून 22 तासांचा करार करण्यास ते तयार आहेत. माझ्या सध्याच्या कार्डाची मुदत मात्र त्याआधीच संपते आहे आणि नूतनीकरणाची भेट मिळता मिळत नाही. मुदत संपल्यावर नोकरी थांबवावी लागेल का? आणि नागरिकत्व घेतल्यास भारतीय पासपोर्टचे काय होते, हे जरा स्पष्ट करावे. जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केले आहे असे येथे सगळे म्हणतात.

वाटसरू

नोकरी थांबवावी लागणार नाही, परंतु नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या आतच पोचला पाहिजे, आणि तो पोचल्याचा पुरावा आपल्यापाशी असला पाहिजे. भेट मिळण्याची वाट पाहत बसू नये. कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरावा, किंवा ती सोय नसेल तर टपालाने व ईमेलने अर्ज पाठवून पोच जपून ठेवावी. वेळेत अर्ज केल्यास जुना परवाना निर्णय होईपर्यंत कायम असल्याचे कायद्याने मानले जाते आणि त्याबद्दल ‘फिक्टिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा कागद मिळतो. जुन्या परवान्यावर कामाची जी मुभा होती ती चालूच राहते. अशा वेळी मालकाच्या मनुष्यबळ विभागाला तो कागद आणि जुने कार्ड दोन्ही दाखवावे. या कागदाचे तीन प्रकार असतात आणि कोणता चौकोन खुणावला आहे ते घरी येऊन नव्हे, खिडकीवरच वाचून घ्यावे. परवान्याची मुदत पुढे चालू असल्याचा चौकोन खुणावलेला असेल तरच त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येते.

दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न एकतर्फी सुटलेला आहे. जर्मनीची हरकत 2024 मध्ये गेली. भारताची तशीच आहे. नागरिकत्व अधिनियम 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी कोणताही अर्ज करावा लागत नाही, ते आपोआप घडते. त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे हा गुन्हा आहे. तो वकिलातीत जमा करून परत केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याच्याच आधारावर ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज होतो. ओसीआयवर भारतात हवे तितके राहता येते, पण मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. ज्यांच्या घरी सातबाऱ्यावर नावे चढायची आहेत त्यांनी हा मुद्दा घरात बोलून घ्यावा. पीआरवर थांबून भारतीय राहणे हाही पूर्णपणे सन्मान्य पर्याय आहे आणि अनेक जण तो विचारपूर्वक निवडतात.

अनुस्वार

काठावरचा यांचा क्रमाचा मुद्दा मान्य आहे. पती आधी नागरिक झाल्यास कलमच बदलते, हे मी विचारात घेतले नव्हते. विलंबाबाबत एक भर घालतो. संपूर्ण अर्ज देऊन तीन महिने झाले आणि सबळ कारणाशिवाय निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो. हे हत्यार पहिल्याच दिवशी उपसू नये, पण एखादे कागदपत्र बाकी असल्याचे कार्यालयाने कळवलेले नसेल आणि स्मरणपत्रांनाही उत्तर येत नसेल, तर ते अस्तित्वात आहे हे ठाऊक असावे.

काठावरचा

नावांबद्दल आणि भारतातील मुक्कामाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते, आणि भारतीय पासपोर्टवर ते मधले नाव ‘दिलेली नावे’ या रकान्यात स्वतःच्या नावाला चिकटून छापले जाते. जर्मन कार्यालय त्या रकान्यातील सारे काही व्यक्तीचे पहिले नाव समजते. त्यामुळे येथील कार्डावर पत्नीच्या पहिल्या नावांत पतीचे नाव येऊन बसते, आणि विवाह प्रमाणपत्रावरील माहेरच्या नावाशी त्याचा काही मेळ लागत नाही. पीआरच्या अर्जासाठी ही विसंगती सहसा अडचण ठरत नाही, कारण तेथे पासपोर्टवरील नावच प्रमाण धरतात. नागरिकत्वाच्या वेळी मात्र जन्माची आणि विवाहाची मूळ कागदपत्रे बारकाईने पाहिली जातात. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा असेल तर ज्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तेथे नाव नोंदवून नवा दाखला काढावा, आणि हे काम भारतात जाल तेव्हाच उरकावे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नावबदलाची सूचना असेल तर तीही सोबत ठेवावी. भाषांतर जर्मनीतील शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेले असले म्हणजे त्याबद्दल शंका काढली जात नाही, परंतु सर्व कागदांवर नावांचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवण्यास त्यांना आधीच सांगावे. नागरिकत्व मिळाल्यावर स्टांडेसआम्ट या नोंदणी कार्यालयात एक घोषणापत्र देऊन पहिले नाव कोणते आणि आडनाव कोणते हे जर्मन पद्धतीने निश्चित करता येते. पहिल्या नावांत शिरलेले पतीचे नाव काढण्याची हीच योग्य जागा आहे. ओसीआयच्या अर्जात मग नाव बदललेले दिसते, तेव्हा त्या घोषणेचा दाखला जपून ठेवावा.

आता आईच्या शस्त्रक्रियेविषयी. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास परवाना आपोआप रद्द होतो, मग तो मुदतीचा असो वा पीआर. ब्लू कार्डधारक आणि त्याच्या कुटुंबीयांना यात 12 महिन्यांची सवलत आहे, परंतु आपल्या पतींकडे आता ब्लू कार्ड नसून पीआर आहे, त्यामुळे त्या सवलतीवर विसंबू नये. सहा महिन्यांच्या आत परत येणे सर्वांत सुरक्षित. त्याहून अधिक थांबावे लागेल असे दिसत असेल तर निघण्यापूर्वी आउसलेंडरबेहोर्डेला रुग्णालयाच्या कागदांसह लेखी विनंती करून वाढीव मुदत मागावी. मुदत उलटल्यावर भारतातून केलेल्या विनंतीचा काही उपयोग होत नाही. नागरिकत्वाच्या पाच वर्षांच्या मोजणीतही सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाने खंड पडत नाही. परंतु विनावेतन रजेवर गेल्यास 20 तासांच्या कामाचा मुद्दा पुन्हा उपस्थित होऊ शकतो. शस्त्रक्रियेची तारीख आपल्या हातात नाही, तेव्हा ती आधी आल्यास पीआरचा अर्ज परतल्यावर, पगार पुन्हा सुरू झाल्याच्या पावत्या जोडून करावा, आणि नूतनीकरणाचा अर्ज मात्र विमानात बसण्यापूर्वी देऊन त्याची पोच सोबत न्यावी.